चांद दिसला, मशीद तुमचीच

रमजानचा चांद दिसला की मशिदीतून घेतलेली अकरा महिन्यांची रजा आपोआप रद्द होते. यंदाही तुम्ही कामावर रुजू झालातच, तर काही सूचना. रोज येणाऱ्यांनी वाचू नये. त्यांना काय कळतंय?

पहिल्या तरावीहला, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या खास नमाजेला, इशाची (रात्रीच्या नेहमीच्या नमाजेची) जमात उभी राहता राहता पोचा आणि खांदे कापत थेट पहिल्या सफेत (रांगेत) घुसा. इमामाच्या बरोबर मागची जागा घ्या. तिथे कुरआन तोंडपाठ म्हणणारे हाफिजसाहेब अडले तर लुकमा देणारा, म्हणजे पुढचे शब्द सुचवणारा सामे उभा असतो, त्याला चार माणसे लांब सरकवा. आयत चुकली तर हाफिजचे नशीब. कोपऱ्यात खुर्चीवर बसणारे चाचा दिसतील. वर्षभर फजरला (पहाटेच्या नमाजेला) येणाऱ्या मोजक्या माणसांतले ते एक. त्यांच्या खुर्चीमुळे सफ कशी वाकडी होते, हे त्यांना सगळ्यांसमोर समजावून सांगा.

तरावीहच्या 20 रकाती (नमाजेची आवर्तने), दोन-दोनच्या सलामाने, दर चारांनंतर थोडी विश्रांती. कुरआनचे पारे म्हणजे भाग 30, रोज सव्वा पारा धरला तर 27व्या रात्रीपर्यंत कुरआन आरामात पुरा होतो. हा हिशोब साध्या माणसांचा. तुम्ही पाच दिवसांची तरावीह शोधा, रोज 6 पारे. तीन दिवसांचीही मिळते, रोज 10. त्या वेगात 'यालमून-तालमून'पलीकडे काही ऐकू येत नाही, पण ऐकायला आलंय कोण? तुम्ही मागे खांबाला टेकून बसा. मोबाइल काढा. हाफिजची किराअत (कुरआनपठण) संपत आली की पाय आखडते घ्या, 'अल्लाहु अकबर' झाले की उसळी मारून उठा आणि वाकता वाकताच नियत बांधून नमाजेत शिरा. रुकू (कमरेत वाकणे) मिळाला की रकात मिळाली, हा एक मसला (नियम) तुम्हाला बिनचूक पाठ आहे. पहिली तकबीर ('अल्लाहु अकबर') उभ्यानेच म्हणायची, वाकताना म्हटली तर नमाज सुरूच होत नाही, हा त्याचा उरलेला अर्धा भाग पाठ करायची गरज नाही. सहाव्या रात्रीपासून तरावीह माफ. कुरआन पुरा ऐकणे ही एक सुन्नत (पैगंबरांचा परिपाठ) आणि महिनाभर रोज तरावीह ही वेगळी सुन्नत, असे कुणी म्हणाले तर तो कुठल्या फिरक्याचा (पंथाचा) आहे ते आधी विचारा.

सहरी दणकून करा आणि अजानच्या आधी झोपा. रमजानात फजरची जमात मुद्दाम लवकर उभी करतात ती तुमच्यासाठीच, पण रात्रभर मुंबईच्या मिनारा मशिदीखालच्या गल्लीत मालपुवे खाल्लेल्या माणसाने आणखी किती जागायचे?

सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकाचे कार्ड भिंतीवर असे लावा की नगरसेवकाचा फोटो झाकला जाणार नाही.

ऑफिसात, ट्रेनमध्ये, रिक्षावाल्यावर, जमेल तिथे खेकसा आणि मग सांगा, 'रोजा लागलाय.' कुणी शिवी दिली तर 'मी रोजेदार आहे' म्हणा, असे हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे. ते वाक्य भांडण टाळण्यासाठी आहे. तुम्ही ते भांडण झाल्यावर वापरा.

शबे-कद्र, म्हणजे रमजानातली सर्वांत मोलाची रात्र, शेवटच्या दहातल्या 5 विषम रात्रींत शोधायची असते. तुम्ही फक्त 27वी गाठा, चार जागरणे वाचतात.

आता जकात, म्हणजे बचतीवरचे सक्तीचे दान. वर्ष ज्या तारखेला पुरे होते त्या तारखेला ती द्यायची असते, मग तो रज्जब असो की मोहर्रम. आधी दिली तरी चालते, उशीर चालत नाही. पण रमजानात सवाब (पुण्य) सत्तरपट असे कुठेतरी ऐकलेले असल्यामुळे तुम्ही पैसे रोखून धरा. रज्जबात ज्याला ऑपरेशनसाठी हवे होते त्याने थोडी कळ काढावी. हिशोब करताना बायकोचे दागिने 'वापरातले' म्हणून वगळा. जन्मभर हनफी असाल (त्या पंथात दागिन्यांवरही जकात आहे) तरी या एका मसल्यापुरते शाफई व्हा. चांदीचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची मर्यादा, साडेबावन्न तोळे. सराफाचा तोळा हल्ली 10 ग्रॅमचा आणि किताबातला 11.66 ग्रॅमचा, म्हणून खरा आकडा 612 ग्रॅम. यातले काहीच तपासू नका, मनाला येईल ती रक्कम काढा. लाखाला अडीच हजार हे डोळ्यांना फार दिसते. त्यातून कामवालीचा थकलेला पगार भागवता येत नाही, पण तुम्ही 'ईदी' म्हणून भागवा. कपडे द्यायचे असतील तर दुकानदाराला 'जकातीतले दाखवा' म्हणा. पहिल्या धुण्यात रंग सोडणारे तो वेगळे काढून ठेवतो.

फितरा (रमजानअखेरचे दान) ईदच्या नमाजेआधी पोचवायचा असतो, म्हणजे ज्याला दिला त्याच्या घरीही ईदला चूल पेटते. माणशी सुमारे दोन किलो गव्हाचे पैसे. तुम्ही ईदगाहच्या फाटकावर सुटे शोधत उभे राहा.

ईदच्या नमाजेत 6 जादा तकबिरी. पहिल्या रकातीत पहिल्या दोनला हात सोडायचे, तिसरीला बांधायचे. दुसऱ्या रकातीत तिन्हींना सोडायचे आणि चौथीला रुकू. इमाम दरवर्षी नमाजेआधी हे सांगतात, तेव्हा तुम्ही सेल्फीत असता. काळजी नको, शेजाऱ्याकडे तिरके बघा, तोही तुमच्याकडेच बघत असतो. कोकणातल्या शाफई जमातीत या तकबिरी 7 आणि 5, म्हणजे गोंधळ बरोबर दुप्पट.

मुलांचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण यंदा पहिल्या आठवड्यातच या कामगिरीचे प्रात्यक्षिक मागच्या सफेत झाले.

सलाम फिरताच मागे वळा. आवाज पुढच्या मिंबरपर्यंत, म्हणजे इमामाच्या व्यासपीठापर्यंत गेला पाहिजे. 'किसके बच्चे हैं ये?' हे उर्दूतच विचारा, मराठीत तेवढा वचक बसत नाही. सात-आठ वर्षांच्या एखाद्या पोराचा दंड धरा आणि त्याला ओढत नेऊन चपलांच्या रॅकपाशी उभे करा. पुढची नियत बांधली गेल्यावर हे केले तर आणखी बरे, बाप पुढच्या सफेत नमाजेत असतो, त्याला वळता येत नाही. पोराचा पहिला रोजा असेल तर उत्तमच. दिवसभर उपाशी राहून आलंय, रडायला वेळ लावणार नाही. हसत होते म्हणता? हसणारच. चार पोरे एका रांगेत 20 रकाती उभी केली तर चौथ्या रकातीला कोणीतरी कोणाला कोपर मारतेच. पोरांची वेगळी सफ न करता एकेकाला बापाच्या शेजारी उभे केले की ती गप्प राहतात. आठ रकातींनंतर पाणी प्यायला सोडले की पुढच्या बारा निभतात. हे रोज येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुला कसे ठाऊक असणार? तू गेल्या ईदनंतर थेट आत्ता उगवलास.

शैतान महिनाभर जेरबंद असतो ना? मग मागच्या सफेत ओरडत होते ते कोण?

ज्या पैगंबरांची सुन्नत म्हणून तू टोपी घालून आलास, त्यांनी नात उमामाला खांद्यावर घेऊन नमाज पढवली, बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. मूल रडले तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आखूड केली, तेही तिथेच आहे. तू पोराला चपलांपाशी उभे केलेस आणि परत येऊन खांबाला टेकून बसलास. ते पोर दुसऱ्या दिवशी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मोठे होऊन तेही वर्षातून एकदा येईल आणि दुसऱ्याच्या पोरावर ओरडेल.

फक्त रमजानात येतोस म्हणून कोणी तुला अडवलेले नाही. अजान देणारे बांगीसाहेब तुझ्यासाठी सतरंज्या अंथरतात, पोरे बाहेर मंडप घालतात, वजूखान्यात (नमाजेआधी हातपाय धुण्याच्या जागी) जादा टँकर मागवतात. एका महिन्याची नमाजही नमाजच. पण मालक होऊन येऊ नकोस. मागे जागा असेल तिथे उभा राहा. फोन बंद ठेव. बाइक फाटकात आडवी लावू नकोस, तिथून जनाजा निघतो. चाचांची खुर्ची आहे तिथेच राहू दे. दुसऱ्याच्या पोराला हात लावायचा नाही. आणि शव्वालात, म्हणजे रमजान संपल्यावर, इमामाच्या पगाराच्या वर्गणीची पावती घेऊन ट्रस्टी दारात आले की स्वतः उठून दार उघड, 'पप्पा घरी नाहीत' सांगायला आपल्या पोराला पाठवू नकोस.