मोरचूद खनिज असलं, तरी निरुपद्रवी नाही

पावसाच्या तोंडावर श्रीवर्धनकडच्या आम्हा वाडीवाल्यांच्या मोबाईलवर मोरचुदाबद्दल, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराबद्दल, एक संदेश फिरतो: "मोरचूद हे खनिज, केमिकल नव्हे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण पितोच. पोफळींवर दाट फवारा. चुना नुसता रंगापुरता. उरलेलं उद्या वापरा." वाचून जीव कळवळतो, कारण माणसं हे खरं मानून तसं करतात.

खनिज असलं तरी मोरचूद विषच आहे, आणि विष आहे म्हणूनच कामाला येतं. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगाच्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूचे बीजाणू ओल्या सुपारीवर रुजू लागले की तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्यांच्या एन्झाइममधल्या, म्हणजे पेशीची कामं चालवणाऱ्या प्रथिनांमधल्या, गंधकाला चिकटतात. एन्झाइमचा आकार बिघडतो, काम थांबतं. एक नव्हे, अनेक एन्झाइम एकदम अडतात, म्हणून रोगाला या औषधाची सवय सहसा लागत नाही. पण तसलाच गंधक आपल्या आणि गांडुळांच्या एन्झाइममध्येही असतो.

भांड्यातल्या पाण्याशी तुलना तर अजिबात टिकत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम तांबं ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. १ टक्का बोर्डोत, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणात, लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम तांबं, म्हणजे हजारपटीहून जास्त. सारा खेळ मात्रेचा.

आता चुना. मोरचूद आम्लधर्मी, नुसतं फवारलं तर कोवळी फळं करपतात. चुन्यामुळे आम्ल मरतं, औषध सालीला धरून राहतं आणि तांबं थोडं थोडं सुटतं. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत. मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओता, ढवळत राहा. मग घासून लखलखीत केलेला कोयता मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं उरलंय, चुना वाढवा. पातं स्वच्छ राहीपर्यंत फवारू नका.

दाट फवारून जादा फायदा नाही. तांबं कुजत नाही, मातीत साठतं. म्हणूनच युरोपात हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे, आणि ती सेंद्रिय शेतीलाही लागू आहे. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी गाळासारखं खाली बसतं, फळाला चिकटत नाही.

शिवाय पोफळीवर चढलेला गडी मान वर करून घोसावर फवारतो, तेव्हा थेंब थेट त्याच्या डोळ्यांत येतात. संदेशात त्याचं नावही नाही. त्याला आधी चष्मा आणि हातमोजे द्या, मगच पंप हातात द्या.