डिस्क मागणाऱ्या पोराला हसणाऱ्यांनो

आज संध्याकाळी इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुकानात अकरावीतला वाटावा असा एक मुलगा वडिलांबरोबर आला आणि त्यानं 'स्पायडर-मॅन २' या व्हिडिओ गेमची डिस्क मागितली. दुकानदारानं विचारलं, कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, कोणता? मुलगा म्हणाला, सिरीज एस. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा धाकटा भाऊ. काउंटरला रेलून उभी असलेली तीन कॉलेजची पोरं खिदळली. "भिया, ये तो प्योर नूब निकला!" नूब म्हणजे अडाणी नवशिका. दुसऱ्यानं 'कॅज्युअल', म्हणजे नुसता वेळ घालवायला खेळणारा, म्हणून शेरा मारला. वडिलांना शब्द कळले नसावेत, सूर बरोबर कळला. "चल रे, नंतर बघू," एवढंच म्हणाले आणि मुलाला घेऊन बाहेर पडले.

जेवण झालं तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. लांबेल. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

मुलगा चुकला होता, हे आधी मान्य. दोनदा चुकला होता. सिरीज एसला डिस्क घालायला फटच नसते, तिथं सगळा कारभार डाउनलोडवर. आणि तो गेम एक्सबॉक्सवर निघालेलाच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोनीच्या पीएस ५ वर, म्हणजे प्लेस्टेशन ५ वर आला, जानेवारी २०२५ मध्ये पीसीवर, विषय संपला. पण हे त्याला सांगणार कोण? काय चालणार नाही, याची यादी कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत. ज्यानं कन्सोल विकला त्यानं "सगळे गेम चालतात" म्हणून विकला असणार, आपल्याकडे मिक्सरपासून स्कूटरपर्यंत सगळं असंच विकतात.

आता त्या तीन पंडितांना विचारतो. हा गेम केला कुणी? इन्सोम्नियॅक. बरोबर. याच इन्सोम्नियॅकनं २०१४ मध्ये 'सनसेट ओव्हरड्राइव्ह' केला होता, आणि कन्सोलमध्ये तो फक्त एक्सबॉक्स वनवर होता. तारांवरून घसरत, भिंतींवरून पळत अख्खं शहर पालथं घालायची गंमत तेव्हा एक्सबॉक्सवाल्यांकडे होती आणि प्लेस्टेशनवाले बाहेर उभे होते. २०१८ मध्ये त्यांनी सोनीसाठी पहिला स्पायडर-मॅन केला, ऑगस्ट २०१९ मध्ये सोनीनं कंपनीच विकत घेतली. म्हणजे त्या मुलाचा 'नूबपणा' एवढाच की सह्या कुठल्या कागदावर झाल्या हे त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?

एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीच्या मशीनवर मिळणारे गेम, म्हणून मिरवतात त्यातलं निम्मं तर भाड्याचं असतं. ट्रेलरच्या शेवटी बारीक अक्षरांत येतं ते वाचत जा. 'कन्सोल एक्सक्लुझिव्ह' म्हणजे पीसीवर आहे किंवा येणार, फक्त समोरच्या कन्सोलवर नाही. 'लाँच एक्सक्लुझिव्ह' म्हणजे मुदतीचा करार. 'राइज ऑफ द टूम रेडर' नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पीएस ४ वर. अकरा महिन्यांसाठी लोकांनी एकमेकांची आई-बहीण काढली. 'फायनल फँटसी १६' जून २०२३ मध्ये पीएस ५ वर, सप्टेंबर २०२४ मध्ये पीसीवर, जून २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर. दोन वर्षं. तेवढ्यात माणसाचं एमबीए होतं. सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओंचे मोठे एकट्यानं खेळायचे गेम पीसीवर आले तेही बहुधा वर्ष-दोन वर्षांनीच. 'गॉड ऑफ वॉर' २०१८ चा, पीसीवर उजाडला जानेवारी २०२२ मध्ये. मायक्रोसॉफ्टचे मात्र पहिल्याच दिवशी पीसीवर असतात. हे एकदा कळलं की 'आमच्याकडेच आहे' ह्या वाक्यातली हवा जाते.

आणि कधी कधी करारही नसतो, नुसती मेमरी कमी पडते. 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आणि सप्टेंबरमध्ये पीएस ५ वर आला, एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला. लगेच ओरड, सोनीनं पैसे चारले! भानगड वेगळीच होती. सिरीज एक्स या थोरल्या एक्सबॉक्समध्ये १६ जीबी मेमरी, सिरीज एसमध्ये १०, त्यातही २ जीबी मंद. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळायची सोय त्या १० जीबीत नीट बसेना, आणि मायक्रोसॉफ्टचा दंडक असा की दोन्ही मशीनवर सोयी सारख्याच हव्यात. शेवटी सिरीज एसपुरती ती सोय वगळायला परवानगी मिळाली तेव्हा गेम आला. म्हणजे त्या मुलाच्या पांढऱ्या डब्यापायी अख्खं एक्सबॉक्सचं गाव खोळंबलं होतं, आणि शिव्या खात होती सोनी.

जुनी गोष्टही तीच. 'फायनल फँटसी ७' निन्टेन्डोला सोडून १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर गेला त्यामागे मोठं कारण जागेचं. निन्टेन्डो ६४ च्या कॅसेटमध्ये फार तर ६४ एमबी, सीडीत साडेसहाशेच्या आसपास, आणि त्या गेमला तीन सीड्या लागल्या. निष्ठा वगैरे काही नाही. गोदाम मोठं होतं तिकडे माल गेला.

आता बिरुदं. पीएसवाला तो 'पोनी', एक्सबॉक्सवाला 'एक्सबॉट', स्विचवाला पोरकट. स्विचवाल्याची तर कीवच करा, निन्टेन्डो भारतात तो अधिकृतपणे विकतच नाही, बाहेरून मागवलेला घ्यायचा आणि बिघडला तर वॉरंटीच्या नावानं आंघोळ. पीसीवाले 'मास्टर रेस', म्हणजे श्रेष्ठ वंश, हा नाझींचा शब्द, बाकीचे 'पेझंट', म्हणजे गावंढळ. हे 'मास्टर रेस' प्रकरण २००८ मध्ये बेन क्रोशॉ या समीक्षकानं पीसीवाल्यांच्या तोऱ्याची टिंगल करायला काढलं होतं. टिंगल ज्यांची केली त्यांनीच ती छातीवर बिल्ल्यासारखी लावली. शब्द कुठल्या इतिहासातून येतात याचा एकदा तरी विचार केला असता तर तोंडात आले नसते. आणि मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळणारा तो 'बॉट', कारण खालच्या पातळीवर समोर बरेच खेळाडू संगणकाचेच असतात म्हणे. चार बोटांनी फोन धरून, जायरो, म्हणजे फोन हलवून नेम धरायची सोय, चालू ठेवून, बंदुकीचा झटका आवरत गोळ्या घालणारी मुलगी 'खरी गेमर' नाही, आणि कंट्रोलरवर नेम आपोआप चिकटवून घेणारा खरा! वा रे न्याय.

एकमेकांची चेष्टा करण्यात गंमत असते, नाही कशाला म्हणू. ती ओळखीत असते. अनोळखी पोराच्या बापासमोर नसते.

होळकरांच्या गावात राहतो म्हणून हा दाखला सुचतो. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला सरकारी घोडा मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि त्याबद्दल त्याला जास्त मोबदला मिळायचा. तुम्ही घोडा स्वतःच्या पैशानं घेतलात, पीएस ५ भारतात आला तेव्हाच ४९,९९० चा होता. दाणावैरण तुमचीच, म्हणजे ते सबस्क्रिप्शन. आणि लढता कुणासाठी? ज्याला पैसे मोजलेत त्याच्यासाठी. तेही फुकट! असा शिलेदार मल्हाररावांनासुद्धा सापडला नसता.

आणि सरदार काय करतात बघा. हेलो हा गोळीबाराचा गेम १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या मंचावर अ‍ॅपलच्या मॅकसाठी दाखवला गेला. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो करणारी बंजी ही कंपनी विकत घेतली, २००१ मध्ये हेलो एक्सबॉक्सचा झेंडा झाला. पुढे बंजी वेगळी झाली, हेलो मायक्रोसॉफ्टकडे राहिला, आणि २०२२ मध्ये त्याच बंजीला सोनीनं घेतलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं की पहिल्या हेलोची नवी आवृत्ती पीएस ५ वरही येणार. मायक्रोसॉफ्टचाच फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्येच तिकडे पोचला होता, गिअर्स ऑगस्टमध्ये. सोनीचा हेलडायव्हर्स २ त्याच महिन्यात एक्सबॉक्सवर. वरचे लोक एकमेकांच्या दुकानात माल ठेवून मोकळे, आणि जेल रोडवर आमची पोरं अजून मोर्चे सांभाळून आहेत.

हो, एक्सक्लुझिव्हचा पैसा नसता तर काही गेम झालेच नसते. 'बायोनेटा २' निन्टेन्डोनं पैसे घातले म्हणून २०१४ मध्ये निघाला. मान्य. म्हणून निन्टेन्डोचे आभार माना, शेजारच्याला पेझंट कशाला म्हणता?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या तिघांपैकी एकानं शेवटी मान खाली घातलेली मी पाहिली, तेही सांगायला हवं. एकानंच.

त्या मुलाचे वडील इकडं कुणाच्या ओळखीचे असतील तर निरोप द्या. तो डबा घेऊन तुम्हाला चाट बसलेली नाही. ५१२ जीबीचा असेल तर गेमसाठी ३६४ च्या आसपासच उरतात, म्हणून जागा लवकर भरेल. घाईनं त्यासाठीचं खास महागडं कार्ड घेऊ नका. साधी यूएसबी ३ ची, १२८ जीबीच्या वरची हार्ड डिस्क लावली तरी एक्सबॉक्स वनच्या काळातले गेम तिच्यावरून थेट चालतात. सिरीजसाठी बनलेले नवे गेम मात्र तिच्यावर नुसते साठवता येतात, खेळताना आत हलवावे लागतात, कारण बाहेरच्या डिस्कचा वेग त्यांना पुरत नाही. हे न कळल्यामुळे लोक डिस्क खराब म्हणून परत करायला जातात. स्पायडर-मॅन हवाच असेल तर तो घरातल्या पीसीवर, तेही चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तरच. जुनी डिस्क कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका, घालणार कुठं?

आणि पोराला सांगा, सनसेट ओव्हरड्राइव्ह एक्सबॉक्स वनचा गेम आहे, सिरीज एसवर चालतो, हार्ड डिस्कवरूनसुद्धा. शिव्या आहेत थोड्या, आई जवळ असेल तर हेडफोन लावायला सांगा. पहिला अर्धा तास जमिनीवर पळू नकोस म्हणावं, तिथं पायी चालणारा मरतो. जी तार दिसेल तिच्यावर चढ.