पालेभाजी, फॉलिक ॲसिड आणि मात्रा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फॉलिक ॲसिडवरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा, की मी एकीकडे पालेभाजी पुरत नाही म्हणते आणि दुसरीकडे गोळी जपून घ्या म्हणून घाबरवते. जे जीवनसत्त्व चाकवतात आणि पालकात आहे ते गोळीतून घेतल्याने अपाय कसा होईल, आणि लग्नानंतर लगेच ही गोळी सुरू करायला सांगितलेल्या आपल्या सुनेने नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे.

आधी माझी चूक. लेखात मी ‘फोलेट’ आणि ‘फॉलिक ॲसिड’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले, आणि निम्मा गोंधळ तिथेच झाला. पानात असते ते फोलेट. ते नाजूक असते आणि पाण्यात उतरते. पालक उकडून पाणी ओतून दिले, की त्यातले सुमारे निम्मे फोलेट मोरीत जाते. अळूच्या फदफद्यात मात्र शिजलेले पाणी भाजीतच राहते, शिवाय डाळ आणि दाणे आपली भर घालतात. गोळीतले फॉलिक ॲसिड हे कारखान्यात तयार केलेले टिकाऊ रूप आहे आणि ते शरीरात अधिक सहज शोषले जाते. म्हणूनच ते औषध म्हणून वापरता येते, आणि म्हणूनच त्याच्या मात्रेचा हिशेब ठेवावा लागतो.

या औषधाची गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. 1928 मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला इथे आली, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो रक्तक्षय बरा होतो हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. म्हणजे पालेभाजीचा मान या औषधाच्या नावातच आहे. तो मी कमी कसा करीन?

पण पुढचा भागही तितकाच खरा आहे. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना फॉलिक ॲसिडसारखी संयुगे दिल्यावर रोग अधिक वेगाने वाढतो, असे बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना दिसले. तेव्हा त्यांनी उलटा विचार करून अमेरिकेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेले फॉलिक ॲसिडविरोधी औषध वापरले, आणि 1948 च्या त्यांच्या लेखातल्या 16 मुलांपैकी 10 जणांना काही काळ उतार पडला. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट आज संधिवातासाठी आठवड्यातून एकदा देतात, आणि त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिडही देतात. पेशींची वाढ करणारी वस्तू कोणाच्या पेशी वाढवते आहे, हे पाहावेच लागते.

आपल्याकडचा मोठा धोका मात्र याहून साधा आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर मातांचा जो अभ्यास केला, त्यात साठ टक्क्यांहून अधिक मातांमध्ये बी-12 (मुख्यतः दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळणारे जीवनसत्त्व) कमी होते, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच होती. डाळी आणि पालेभाज्या फोलेट देतात हे आपले म्हणणे इथे खरे ठरते. परंतु ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक विरोध आढळला, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती.

माझ्या सासूबाई पूर्ण शाकाहारी. ‘रक्तवाढीची’ म्हणून पाच मिलिग्रॅमची पिवळी गोळी त्या दोन वर्षे स्वतःच आणून घेत होत्या. नेहमीच्या 400 मायक्रोग्रॅमच्या ती बारापटीहून मोठी. हिमोग्लोबिन उत्तम होते, म्हणून आम्ही सगळे निश्चिंत. एके दिवशी त्या अंगणातून आत आल्या तेव्हा डाव्या पायातली चप्पल दारातच राहिली होती आणि त्यांना ते कळलेही नव्हते. तपासणीत बी-12 अगदी खाली गेलेले निघाले. फॉलिक ॲसिडने रक्त सावरले होते, नसांची झीज मात्र आत चालूच होती. इंजेक्शनांनी बरेच सुधारले, तळव्यांची बधिरता पूर्ण गेली नाही.

आता आपल्या सूनबाईंविषयी. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते, म्हणजे अनेकदा दिवस गेल्याचे कळण्याआधीच. रक्तक्षय टाळायला जेवढे फोलेट पुरते तेवढे या कामाला पुरेलच असे नाही. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटण्याचा दोष होता अशा स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर तो पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले, हे 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत दिसले. तेव्हा गोळी त्यांनी जरूर घ्यावी, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यावी, आणि घरचे जेवण शाकाहारी असेल तर बी-12 तपासून घेण्याविषयी त्याच भेटीत विचारावे. अळूचे फदफदे चालूच ठेवावे. मूळ लेखातले फोलेट-फॉलिक ॲसिडचे वाक्य मी आज दुरुस्त केले आहे.