उचलणाऱ्या हातांचा खर्च

एखाद्या बाळाच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी मदतीचे आवाहन छापून येते, नागपूरकर मनापासून पैसे देतात आणि अशा औषधांचा भार सरकारने किती उचलावा यावर पुन्हा चर्चा सुरू होते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या दुर्मीळ आजारावरील जनुकीय उपचार इतका महाग आहे आणि केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखालील मदतीची मर्यादा ५० लाखांची आहे, तेव्हा ही चर्चा व्हायलाच हवी. स्वीडनमध्ये बसून ती वाचताना मला एवढेच खटकते की, रुग्णाला रोज उचलून बसवणाऱ्या माणसाचा तीत उल्लेखही नसतो.

प्रतापनगरात राहणाऱ्या माझ्या भाच्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नसल्यामुळे स्नायू झिजत जातात. सदोष जनुक आईकडून येऊ शकते, पण त्यात तिचा दोष नसतो, हे आमच्या नात्यागोत्यात अजूनही समजावून सांगावे लागते. स्टेरॉइडमुळे चालणे काही काळ जास्त टिकते आणि श्वसनयंत्राच्या आधाराने अनेक जण तिशी गाठतात. म्हणजेच तरुणपणाची सगळी वर्षे व्हीलचेअरवर जातात आणि ती कशी जातील, हे मदतीला कोण आहे यावर ठरते.

रात्री त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्याने हाक मारली की ताई उठते, एक हात पाठीखाली आणि दुसरा गुडघ्यांखाली घालून त्याला वळवते, पायांमध्ये उशी ठेवते, सरकलेला मास्क नीट बसवते आणि पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा हाक येते. या कामासाठी तिने शाळेतली नोकरी सोडली. तिची कंबर आता गेली आहे आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला आंघोळही आईनेच घालावी लागते, याचा त्याला होणारा संकोच मला स्पष्ट दिसतो.

स्वीडनमध्ये १९९४ पासून लागू असलेल्या कायद्याने अशा व्यक्तीला वैयक्तिक सहायकाचा हक्क दिला आहे. पगार सार्वजनिक निधीतून होतो आणि सहायक कोण असावा यात त्या व्यक्तीचा शब्द चालतो. गेल्या काही वर्षांत तिथेही निकष कडक झाले असून अर्ज फेटाळले जातात. शिवाय ताईच्या शेजारणी जशा न सांगता डबा आणून देतात, तसा शेजार मला तिथे क्वचितच दिसला. तरीही तिथला तरुण आईला न उठवता रात्र काढतो, हा फरक मला फार मोठा वाटतो.

आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे आणि ज्यांना अधिक आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे. ताईच्या घरी आजवर असा एक रुपयाही पोहोचलेला नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येईल, तेव्हा औषधांच्या निधीची निवेदने दिली जातील. त्याच निवेदनांत या भत्त्याची रक्कम, तो देणारे कार्यालय आणि मुदत लेखी मागितली पाहिजे.