‘रोज फक्त १५ मिनिटं’: घड्याळ लावून बघितलं

गेल्या महिन्याभरात हा मजकूर मला चार ग्रुपवर आला. माहेरचा, सोसायटीचा, शाळेच्या मैत्रिणींचा, आणि चौथा ऑफिसचा, तोही एका पुरुष सहकाऱ्याकडून. तुमच्यापर्यंत पोचला नसेल तर गोषवारा देते. आपल्या आयांकडे ना वॉशिंग मशीन होतं ना मिक्सर, तरी नोकरी सांभाळून त्यांची घरं आरशासारखी असायची. आज सगळी यंत्रं असून घरात पसारा, कारण शिस्त नाही. उपाय सोपा: रोज फक्त १५ मिनिटं. सोमवारी बाथरूम, मंगळवारी पंखे, बुधवारी फ्रीज, गुरुवारी देवघर, शुक्रवारी डबे, शनिवारी कपाट, रविवारी आराम. व्हिनेगर आणि खायचा सोडा मिसळून बाटलीत भरून ठेवा, सगळे डाग जातात. रात्री सिंकमध्ये एकही भांडं नको. आणि शेवटी, ‘वेळ नाही ही आळशी माणसाची सबब’.

मी डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरीला जाते. सकाळी पावणेआठला घराबाहेर, संध्याकाळी साडेसातला परत, लोकलने दया केली तर. वेळापत्रकाचं मला वावडं नाही, आमच्या फ्रीजवरच एक चिकटवलेलं आहे. म्हणून तर हा मजकूर टोचला. एक आठवडा मोबाइलचं स्टॉपवॉच लावून कामं केली. आता एकेक मुद्दा घेते.

‘रोज फक्त १५ मिनिटं.’ रात्री जेवणं झाल्यावरचा नुसता ओटा घ्या. उरलेली भाजी-आमटी छोट्या भांड्यांत काढून फ्रीजमध्ये. शेगडीवरच्या जाळ्या आणि बर्नर उचलायचे, कारण संध्याकाळी दूध नाहीतर वरण उतू गेलेलं असतंच, आणि ते तेव्हा पुसलं नाही तर सकाळी चमच्याने खरवडत बसावं लागतं. मिक्सर सरकवला की त्याच्यामागे भिंतीवर फोडणीचे शिंतोडे. सिंकच्या जाळीत अडकलेला भात काढा, ओला कचरा बांधून बाहेर ठेवा, ओट्यावरून साबणाचं फडकं, मग साधं ओलं, मग कोरडं. शेवटी ती तिन्ही फडकी धुऊन वाळत घाला, नाहीतर सकाळी त्यांचाच वास. १९ मिनिटं. यात एकही भांडं घासलेलं नाही.

आमच्याकडे सकाळी मावशी येतात. भांडी, केर आणि लादी त्या करतात. तरीही स्वयंपाक सोडून, आवराआवर आणि कपडे एवढंच धरलं तर कामाच्या दिवशी सरासरी १ तास १० मिनिटं निघाली. ही माझी एकटीची मिनिटं. नवऱ्याची आणि मुलाची वेगळी, त्यांच्याकडे मग येते.

माझं एकटीचं रडगाणं वाटू नये म्हणून मोठा आकडाही सांगते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. पुरुष ८८. तेही जे पुरुष काहीतरी करतात त्यांची सरासरी, आणि असे पुरुष साधारण चारांत एक. आता २८९ मध्ये स्वयंपाकही आला आणि नोकरी न करणाऱ्या बायकाही आल्या, हे कबूल. पण कितीही वजाबाकी केली तरी आकडा १५ वर येत नाही.

मग हे १५ मिनिटांचं खूळ आलं कुठून? घरकामासाठी १५ मिनिटांचा टायमर लावायची पद्धत अमेरिकेतल्या मार्ला सिली या बाईंनी ‘फ्लायलेडी’ या नावाने १९९९ पासून लोकप्रिय केली. त्यात १५ मिनिटं असतात ती एखाद्या कोपऱ्यातला पसारा कमी करायला. सकाळचा नेम, रात्रीचा नेम आणि आठवड्यातून तासभर घरभर झाडपूस हे त्यात वेगळं सांगितलेलं आहे. आपल्याकडे पोचेपर्यंत बाकीचं सगळं गळालं आणि १५ तेवढे राहिले.

‘आपल्या आया नोकरी करूनही घर आरशासारखं ठेवायच्या.’ माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, सत्तावीस वर्षं. तिला फोन करून हा मजकूर वाचून दाखवला. ती आधी हसली. म्हणाली, “अगं, आजी होती ना घरात. मी शाळेतून यायच्या आत कपडे काढून घड्या झालेल्या असायच्या. आणि दोन खोल्यांत होतं काय पुसायला?”

खरंच काय होतं? एक लोखंडी कपाट, एक पलंग, भिंतीतला फडताळ, बारा-पंधरा पितळी आणि स्टीलचे डबे. सोफा नाही, काचेचं टीपॉय नाही, गाद्यांवर उशांचे थर नाहीत. माणशी चार-पाच कपडे. आज आमच्या तिघांच्या घरात नुसते चार्जर त्या घरातल्या ताटांपेक्षा जास्त असतील. आणि ‘आरशासारखं’ म्हणाल तर ती बाहेरची खोली. पाहुणे आले की धुतलेल्या कपड्यांचा डोंगर आतल्या पलंगावर जायचा आणि त्यावर चादर पडायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कधी चादर टाकणारी मीच होते.

फोन ठेवताना आई म्हणाली ते मजकूर लिहिणाऱ्याने ऐकायला हवं होतं. “त्या वर्षांत पेपर मी दुसऱ्या दिवशी वाचायचे. वाण्याकडून पुडी यायची त्याला गुंडाळलेला.”

यंत्रांचं म्हणाल तर मशीन कपडे धुतं. कपडे वेगळे काढणं, खिशातले तिकिटाचे कागद शोधणं, झटकून दोरीवर घालणं, काढणं, घड्या करणं, ज्याचे त्याच्या कप्प्यात ठेवणं हे मशीन करत नाही. एका फेरीला ३४ मिनिटं गेली. जुलैत याच्या दुप्पट धरा, कारण तेव्हा घरात सगळीकडे ओले कपडे आणि पंख्याखाली शाळेचा एकुलता एक गणवेश.

आता तो आठवड्याचा तक्ता. तो नीट वाचा आणि त्यात काय नाही ते बघा. केर नाही. लादी नाही. भांडी नाहीत, कपडे नाहीत, संडास नाही (बाथरूममध्ये धरलाय असं म्हणावं, तर आम्ल टाकून ते मुरायलाच दहा मिनिटं जातात). कचरा नाही, पाणी भरणं नाही. लिहिणाऱ्याच्या मते ही कामं आपोआप होतात. म्हणजे त्याच्या घरी कुणीतरी ती करतं आणि त्याने कधी मोजलेली नाहीत. तक्त्यात आलंय ते वरकड, दिवाळीच्या आसपास काढायचं काम. दर मंगळवारी पंखे पुसणारं एक घर मला दाखवा! आमच्याकडे महिन्यातून एकदा पुसतात. खाली चादर पसरून, जुना उशीचा अभ्रा पात्याला चढवून मागे ओढायचा, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते. आणि फ्रीज: सगळं बाहेर काढून, काचा धुऊन, पुसून, परत लावून ५२ मिनिटं. त्यातली दहा ‘ही चटणी कधीची?’ या चर्चेत गेली.

व्हिनेगर आणि सोड्याच्या बाटलीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे प्रश्न नुसत्या टोमण्याचा नाही. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कधर्मी. एकत्र केले की फसफसतं, आणि तो फेस बघून आपल्याला वाटतं घाण निघाली. निघतो तो कार्बन डायऑक्साइड. मागे राहतं सोडियम अ‍ॅसिटेट मिसळलेलं पाणी, म्हणजे दोघांनी एकमेकांची ताकद मारलेली. आणि हे ‘बाटलीत भरून ठेवा’? झाकण घट्ट लावलंत तर वायूच्या दाबाने ते उडेल. वेगवेगळे वापरले तर दोघे कामाचे आहेत. नळावरचे पांढरे क्षार व्हिनेगरने किंवा लिंबाने सुटतात, तेलकट डबा सोडा आणि गरम पाण्याने. पण जुना काळा कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी किंवा संगमरवर असेल तर तिथे आम्ल नको. हे दगड चुनखडीच्या जातीचे, आम्ल त्यांची चकाकी खातं. आणि या मजकुराची एक पुढची आवृत्ती फिरतेय, तिच्यात संडासाच्या आम्लात ब्लीच घालायला सांगितलंय. ते मात्र चुकूनही करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

‘रात्री सिंकमध्ये एकही भांडं नको.’ हे पटतं. झुरळं रात्रीच बाहेर पडतात आणि त्यांना खरकटं आणि पाणी दोन्ही लागतं, म्हणजे भांडी भिजत घालणं ही त्यांची मेजवानीच. मी घासत बसत नाही. खरकटं काढून, विसळून, टोपलीत पालथी घालते. आठ मिनिटं.

राहिला आळस. आळशी माणसं असतात, मीही रविवारी दुपारी असते. पण मावशींचं बघा. आमच्यासह पाच घरं करतात, पहिलं सकाळी सातला, शेवटचं दुपारी तीनला. मग स्वतःच्या घरी जाऊन तेच सगळं सहाव्यांदा. हा मजकूर त्यांच्याही मोबाइलवर आला होता. त्यांनी मला दाखवला आणि विचारलं, “ताई, हे कोणासाठी लिवलंय?” मला उत्तर देता आलं नाही.

फ्रीजवरच्या आमच्या तक्त्यात वारांपेक्षा नावं मोठ्या अक्षरांत आहेत. कपड्यांच्या घड्या नववीतल्या मुलाकडे. तो टॉवेलच्या चार ऐवजी तीन घड्या करतो आणि ते कपाटातून बाहेर डोकावतात. पहिला महिना मी गुपचूप परत करायचे, आता डोकावू देते. बाथरूम, संडास आणि कचरा नवऱ्याकडे. आधी तो विचारायचा, “काय करू सांग.” आता विचारत नाही, कारण सांगायचं कामही माझं नाही असं ठरलंय. मावशींची सुट्टी असते तेव्हा लादी होत नाही, नुसता केर. चादरींना इस्त्री बंद. देवाची पितळी भांडी सणाच्या आधी, दर गुरुवारी नाही. सासूबाई आल्या की त्या स्वतःहून चिंच घेऊन बसतात आणि मी अडवत नाही.

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन मात्र दोन महिने राहिलाय. तेल आणि धूळ मिळून त्याच्या पात्यांवर बोट चिकटेल असा थर बसलाय. तक्त्यात त्याच्यापुढे नवऱ्याचं नाव आहे. भाजी परतताना मी वर बघायचं टाळते.