फ्रिज गुडगुडला म्हणजे गॅस लीक? नाही हो!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय, फ्रिजमधून गुडगुड नाहीतर टकटक आली की गॅस लीक होतोय, लगेच प्लग काढा म्हणे. शेजारच्या काकूंनी खरंच रात्रभर बंद ठेवला, सकाळी दूध नासलं, आमरस गेला तो वेगळाच.

अहो, गुडगुड म्हणजे पाइपातून गॅस फिरतोय, लीक झाला तर कूलिंगच कमी होतं. रात्री ‘टक्क’ होतं ते डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे फ्रिज आतला बर्फ आपोआप वितळवतो तेव्हा, आतलं प्लॅस्टिक गरम-गार होऊन फुगतं-आकसतं म्हणून, आणि चुर्र म्हणजे तो बर्फ वितळवणाऱ्या हीटरवर पाण्याचा थेंब, बास. आमचा महिनाभर थरथरत होता, शेवटी बघतो तर वर ठेवलेलं पितळी तबक वाजतंय!

फ्रीझरमधून खरखर येते आणि दार उघडलं की थांबते, तर बहुतेक पंख्याला बर्फ घासतोय, मग मात्र प्लग काढून दार उघडं ठेवा नि बर्फ आपोआप वितळू द्या, सुरीने खरवडायला जाऊ नका. मेकॅनिक बोलवायचा तो मागून खाली दर थोड्या वेळाने क्लिक-क्लिक होतंय आणि गारवा नाही तेव्हा, कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस फिरवणारा पंप, सुरू व्हायला धडपडतोय, कधीकधी नुसता रिले (त्याला सुरू करून देणारा छोटा स्विच) गेलेला असतो, त्यामुळे थेट कॉम्प्रेसर बदलायला हो म्हणू नका.