टीव्ही बंद करून निघून जाणारा माणूस

आज सकाळपासून तिसऱ्यांदा तेच चित्र समोर आलं. मिटलेली पापणी आणि त्यावर सोनेरी अक्षरं: 'त्याने एका पापणीने पुस्तक लिहिलं, तुमची सबब काय?' खाली जोडलेले हात, बदाम आणि 'मनाची ताकद!!' आपल्यातल्याच चांगल्या माणसांनी शेअर केलंय, म्हणून जास्त चिडचिड होतेय.

अहो, एकट्याने नाही लिहिलं त्याने.

'द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय' हा त्याच्याच पुस्तकावरून केलेला, ज्युलियन श्नाबेलचा २००७ चा फ्रेंच सिनेमा. (मूळ फ्रेंच नावात बेल नाहीच, पाणबुड्याचा जाडजूड पोशाख आहे, आणि पडद्यावरही तोच दिसतो. इंग्रजीत घंटा कुठून आली देव जाणे.) त्यात एक छोटासा प्रसंग आहे. ज्याँ-डोमिनिक बोबी, म्हणजे तोच पापणीने लिहिणारा, टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघतोय. एक कर्मचारी येतो, टीव्ही बंद करतो आणि निघून जातो. आत बोबी ओरडतोय, बाहेर कणभर आवाज नाही. मनाच्या स्वातंत्र्यावर बोलायचंय ना? मग इथून बोला. त्याचं मन मोकळंच होतं हो, बटण दुसऱ्याच्या हातात होतं.

८ डिसेंबर १९९५ ला बोबीच्या मेंदूच्या देठात पक्षाघाताचा झटका आला. वय ४३, 'एल' मासिकाचा संपादक. जवळजवळ २० दिवस बेशुद्ध, आणि शुद्धीवर आला तो लॉक्ड-इन अवस्थेत, म्हणजे मन जागं, पण डोळ्यांपलीकडे अंग जवळजवळ हलत नाही. ही अवस्था बहुतेक वेळा मेंदूच्या देठातल्या पॉन्स नावाच्या भागाला इजा झाल्याने येते. हातपाय, जीभ, घसा, चेहरा, सगळ्यांकडे जाणाऱ्या आज्ञांच्या वाटा तिथे पुढच्या बाजूने, अगदी दाटीवाटीने उतरतात. तिथला रक्तपुरवठा तुटला की सगळं एकदम बंद. माणसाला जागं ठेवणारी यंत्रणा मात्र मागच्या बाजूला, ती वाचते. डोळे वर-खाली करणं आणि पापणी उचलणं यांची सूत्रं आणखी वर, मध्यमेंदूत. म्हणून नेमकं तेवढंच शिल्लक राहतं. यात मनोबल-बिनोबल काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

त्याचा उजवा डोळा शिवतात तो प्रसंग आठवा. कॅमेरा आत आहे, एकेक टाका पडतो तसा उजेड कमी होत जातो. लोक म्हणतात, किती क्रूर! शिवणं क्रूर नव्हतं. पापणी मिटत नसेल तर डोळा कोरडा पडतो, पारदर्शक पडद्यावर जखम होते, शेवटी डोळाच जातो. अंगावर काटा येतो तो दुसऱ्याच गोष्टीने. तो आतून नको नको म्हणतोय आणि डॉक्टर आपले गप्पा मारत टाके घालतायत. टीव्ही बंद करणाऱ्याचाच हा शिकलेला भाऊ.

आता पापणीबद्दल. स्पीच थेरपिस्टने फ्रेंचमध्ये जास्त वापरली जाणारी अक्षरं आधी घेऊन क्रम लावला: ई, एस, ए, आर, आय, एन, टी, यू, एल... समोरच्याने हा क्रम म्हणत जायचं, हवं ते अक्षर आलं की बोबीची डावी पापणी मिटणार. अक्षर लिहायचं, पुन्हा ई पासून सुरू. एका शब्दाला सरासरी दोन मिनिटं, अख्ख्या पुस्तकाला सुमारे २ लाख वेळा पापणी. आणि प्रत्येक पापणीआधी कुणीतरी मोठ्याने अक्षरं म्हणत होतं! क्लोद माँदिबिल हे त्या लिहून घेणाऱ्या बाईंचं नाव. त्या पोस्टरवर आहे का ते? नाही.

बरं, मान्य, पोस्टर बघून कुणी सिनेमा शोधून पाहत असेल.

घाई कशी नडते याचा किस्सा बोबीनेच लिहून ठेवलाय. त्याला चष्मा हवा होता, फ्रेंचमध्ये 'ल्युनेत'. पहिली चारच अक्षरं झाली आणि समोरच्याने विचारलं, चंद्राचं काय करायचंय? चंद्राला 'ल्युन' म्हणतात. हसू येतं, पण चष्मा लांबलाच ना.

मराठीत असा तक्ता करायचा तर आपली वर्णमाला आधीच रांगा लावून उभी आहे. क, च, ट, त, प या पाच ओळी, मग य-र-ल-व, मग श-ष-स-ह-ळ. स्वरांची वेगळी ओळ सगळ्यात शेवटी. ङ आणि ञ खुशाल काढून टाका. आधी ओळ विचारायची, मग त्या ओळीतलं अक्षर, मग मात्रा: 'काही नाही, आ, इ, उ, ए, ओ'. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरा, जोडाक्षरं सुटी लिहा, टिंब विसरा. 'पाणी' करून बघा: क-च-ट-त-प, मग प, मात्रा दुसरी, क-च-ट, मग ट-ठ-ड-ढ-ण, मात्रा तिसरी. तुमचे १९ उच्चार, त्याच्या ६ पापण्या. क पासून सरळ एकेक अक्षर म्हणत गेलात तर प आणि ण गाठायलाच ३२ उच्चार, मात्रा वेगळ्याच. आणि कंटाळून मात्रा गाळल्यात तर उरतं 'पण'. तहानलेला माणूस 'पण' म्हणतोय आणि तुम्ही 'पण काय?' विचारत बसलाय!

बिघडतं कुठे तेही सांगते. पापणी आपोआपही लवते, मिनिटाला १५-२० वेळा. म्हणून होकार-नकार पापणीवर न ठेवता 'वर बघणं म्हणजे हो, खाली म्हणजे नाही' ठरवलं तर गोंधळ कमी. 'या कुशीवर वळवू की त्या?' याचं उत्तर हो किंवा नाही असं देताच येत नाही, एका वेळी एकच विचारा. आलेलं उत्तर उलट प्रश्न करून ताडून बघा. डोळ्यांवर उजेड येतोय का, चष्मा आहे का, कफ साठलाय का, हे आधी. थकला की उत्तरं विस्कटतात, तेव्हा 'याला काही कळत नाही' असा निकाल देऊ नका, झोपू द्या आणि नंतर पुन्हा या. अकारण रडू किंवा हसू फुटतं तेही बऱ्याचदा त्या इजेमुळे, लगेच अर्थ लावू नका.

हो, आता नजरेवर चालणारे संगणक आहेत, उत्तम आहेत. पण मान जरा सरकली की पुन्हा जुळवणी, डोळा कोरडा पडला की अडलं. कागदाचा तक्ता उशाशी हवाच.

इतकं चिडून लिहिल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०११ मध्ये अशा रुग्णांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. ६५ पैकी ४७ जणांनी आपण सुखी आहोत असं सांगितलं. प्रेरणावाले उड्या मारतील, मारू देत. दुःखी असलेल्यांच्या तक्रारीही वाचा मग: बाहेर जाता येत नाही, करमणूक नाही, बोलणं परत आलं नाही. करमणूक! म्हणजे पुन्हा तोच टीव्ही.

आणि ती थेरपिस्ट. सिनेमात तो तिला अक्षर अक्षर करून सांगतो, मला मरायचंय. ती भडकते, खोलीबाहेर जाते. मग परत येते, माफी मागते आणि पुन्हा ई, एस, ए सुरू करते. इथे माझा राग नेहमी विरघळतो. ती काही संत नाही, चिडते, चुकते, पण परत येऊन बसते.

बोबी ९ मार्च १९९७ ला गेला, पुस्तक बाहेर आल्यावर काहीच दिवसांत, न्यूमोनियाने. त्याच्या पापणीचं चित्र लावायचं तर लावा, तक्ताही शेअर करा. तक्त्याच्या डोक्यावर तयार वाक्यांची एक ओळ ठेवा, म्हणजे रोजचं मागायला अक्षरं जुळवावी लागणार नाहीत: कफ काढा, कूस बदला, डोळ्यात थेंब घाला, चुकलं, पुन्हा म्हणा, टीव्ही राहू द्या.